वासंतीचा गाण्याचा क्लास

“किती?” मी विचारलं.

वासंतीनं गणिताचा पेपर दुमडून मुठीत धरला होता. बाहेर ओटीवर माझी संध्याकाळची शिकवणी बसायची होती. दोन-चार पोरं येऊन चपला काढत होती, म्हणून मी आवाज खालीच ठेवला. शेवटी तिची मूठ मीच उघडली.

शंभरापैकी सतरा.

“वर्गात कुणी पाहिला?”

“नाही. बाई पेपर दुमडून देतात.”

“शेजारच्या लिमयांच्या शरदनं?”

“नाही गं आई.”

आज मला हसू येत नाही, पण कबूल करायला हवं. पोरीला सतरा गुण पडले होते आणि मी पहिल्यांदा विचारलं ते हे.

आठवीचं गणित म्हणजे मिरजेत सोहनीबाई, असं तेव्हा लोक म्हणायचे. छापखान्यात खिळे जुळवता जुळवता यांची छाती गेली होती. तीन वर्षं हे घरीच होते. आमचं घर त्या ओटीवर चाललं होतं. सकाळी दोन तुकड्या, संध्याकाळी दोन. आणि मी काही गप्प राहून शिकवणारी बाई नव्हते. नव्या मुलाला घेऊन आई आली, की मी तिला ऐकवायची, “गणित न येणारं मूल मी अजून पाहिलं नाही. न शिकवता येणारे मास्तर पाहिलेत.” बायका खूष होऊन जायच्या आणि हे वाक्य चार घरी सांगायच्या.

त्या दिवसापासून रोज दुपारी मी वासंतीला स्वयंपाकघरात घेऊन बसले. मी तशी चिडकी नव्हे. डॉक्टरांचा पुतण्या अधिक-उण्याची चूक दहादा करायचा आणि मी अकराव्यांदा हसून सांगायची. पण स्वतःच्या पोरीला दुसऱ्यांदा सांगताना माझा हात उठायचा. ती पेन्सिल टेकवायची आणि माझ्याकडे बघायची. मी म्हणायची, “माझ्या तोंडाकडे काय बघतेस, वहीत बघ.” ती वहीत बघायची, पण पेन्सिल हलायची नाही. आठवड्याभरानं तर मी शेजारी बसले, की ती बेरीजसुद्धा बोटांवर करायला लागली.

एके दिवशी हे आतून म्हणाले, “पुरे कर. तिला दुसरीकडे पाठव.”

“दुसरीकडे म्हणजे?”

“शिकवणीला.”

“माझ्या मुलीला शिकवणी? शुद्धीवर आहात ना?”

“अगं, डॉक्टर स्वतःच्या पोराला दुसऱ्या डॉक्टरकडे नेतात. त्यात काय कमीपणा?”

“त्यांना नसेल. उद्या शरदच्या आईला कळलं, की सोहनीबाईंच्या मुलीला सतरा पडले आणि ती दुसऱ्या मास्तरकडे जाते, तर परवा माझ्या ओटीवर कोण बसेल? तुम्ही नि मी?”

ओटीचा विषय निघाला, की हे गप्पच व्हायचे. तरी दोन दिवसांनी पुन्हा म्हणाले, “स्टेशनच्या पलीकडे एक मगदूम म्हणून आहेत. मालधक्क्यावर कारकून होते, आता निवृत्त झालेत. माझ्यासारखेच दवाखान्यात येतात. हमालांच्या पोरांना शिकवतात. तिकडे तुझ्याकडे येणाऱ्यांपैकी कुणी फिरकत नाही.”

मी रात्रभर तळमळले वगैरे नाही. कणीक मळता मळता ठरवलं.

“जाऊ दे. सोम, बुध, शुक्र. कुणी विचारलं, तर गाण्याला जाते म्हणून सांगायचं.”

हे हसले आणि हसता हसता त्यांना ढास लागली. “मिरजेत? मिरजेत गाण्याची थाप? अगं, इथं गल्लीत सतारींचे भोपळे वाळत घातलेले असतात. इथलं शेंबडं पोरसुद्धा बेसूर ओळखतं.”

“मग काय सांगू? शिवणाला जाते म्हटलं, तर शिवलेलं दाखवावं लागतं. गाणं काही कुणी हातात घेऊन बघत नाही.”

वासंती दारात उभी होती. “आई, मला गाणं येत नाही.”

“तुला कोण गायला सांगतंय?” मी म्हटलं.

दिवाळीनंतर ती जायला लागली. बरोबर पाचला, ओटीवर माझी पोरं बसत असताना, दप्तराऐवजी कापडी पिशवी घेऊन ती त्यांच्यामधून वाट काढत जायची. शरदनं तिसऱ्याच दिवशी विचारलं आणि तिनं पढवलेलं उत्तर दिलं. संध्याकाळी लिमयेकाकू कुंपणापाशी हजर. लिमये रेल्वेत बुकिंगला होते. दोघांनाही गावातली प्रत्येक गोष्ट कळलीच पाहिजे असं वाटायचं.

“वासंती गाण्याला घातली म्हणे?”

“हो. म्हटलं, मुलीच्या जातीला एखादी कला असावी.”

“बाई बाई! गणितात आईची लेक, आता गळ्यातही कुणाची तरी होणार!”

मी हसले. आत आले तर वासंती पाट मांडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

मगदूम मास्तरांना मी पाहिलं नव्हतं. मुद्दामच गेले नव्हते. महिन्याभरानं मी तिची वही उघडली आणि माझं डोकं फिरलं. एकाही पानावर लाल पेन्सिल नाही.

“तुझे मास्तर तपासत नाहीत का?”

“नाही.”

“मग बरोबर की चूक कोण सांगतं?”

“कुणीच नाही. ताळा कर म्हणतात. ताळा जमला, की मीच खूण करायची. नाही जमला, तर पुन्हा.”

“आणि तोवर ते काय करतात?”

“सुपारी कातरतात,” ती म्हणाली आणि फिसकन हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

पुढे पुढे तर ती परत आली, की आधी यांच्या खाटेपाशी जाऊन बसायची. मास्तरांचा आवाज काढून दाखवायची. “वासंतीबाई, वॅगनमदी किती पोती गेली ते भरताना मोजायचं, आनि उतरताना बी मोजायचं. मंग झोप लागतीया.” हे पोट धरून हसायचे. मी पदराला हात पुसत आत गेले, की ती उठून पाणी प्यायला जायची.

वार्षिक परीक्षा चांगली गेली असं तिनं यांना सांगितलं. मला यांच्याकडून कळलं.

परीक्षा संपली आणि चैत्रातली हळदीकुंकवं सुरू झाली. डॉक्टरीणबाई कुसूरकरांचं सर्वांत थोर. त्यांचे दोन पुतणे माझ्याकडे होते आणि आणखी निम्मी पोरं त्यांच्याच शब्दाखातर आली होती. त्यांच्याकडचं बोलावणं मोडणं शक्य नव्हतं. “वासंतीलाही आणा हं,” असा निरोप होता. मी तिला माझी जुनी अंजिरी साडी नेसवली. चौदा वर्षांची पोर, साडीत एकदम मोठी दिसायला लागली.

दिवाणखान्यात गौर मांडली होती. आंब्याची डाळ, पन्हं, कलिंगडाच्या फोडी. तीसेक बायका होत्या. कोपऱ्यात लोडाला टेकून डॉक्टरांच्या आत्याबाई बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, डोळ्यांनी अधू. लहानपणी भावाची तालीम पडद्यामागून ऐकून गाणं शिकलेल्या. डाळीची वाटी हातात घेतली न घेतली, तोच लिमयेकाकू म्हणाल्या, “अहो, आपल्यात एक गाणारी आहे की! वासंती, म्हण बघू गौरीपुढं काहीतरी.”

“नको हो,” मी म्हटलं, “तिचा घसा बसलाय. पन्हं प्यायली ना आत्ता.”

“पन्ह्यानं घसा बसतो होय? आमचा तर सुटतो!” बायका हसल्या.

आत्याबाईंनी मान वळवली. “कोण गं ती? इकडे ये. कुणाकडे शिकतेस?”

वासंती जाऊन त्यांच्यापुढं बसली. नाव विचारलं तर काय सांगायचं, हे मी तिला पढवलंच नव्हतं. सहा महिन्यांत माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं.

“स्टेशनच्या पलीकडे,” ती म्हणाली.

“अगं, पण कुणाकडे? नाव असेल ना बुवांना?”

“मगदूम.”

आत्याबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. “मगदूम? या गावात तंबोरा घेऊन बसणारा माणूस मला ठाऊक नाही असं झालेलं नाही. बरं, असेल कुणी नवा. भूप झाला का? भूपाची सरगम म्हण.”

वासंतीनं माझ्याकडे पाहिलं. स्वयंपाकघरात वहीवरून मान वर करून बघायची ना, अगदी तसंच.

मी वाटीतली डाळ चमच्यानं एकत्र करत राहिले.

मग तिनं डोळे मिटले आणि शाळेतली प्रार्थना म्हणायला लागली. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला. तिसरीला ती थांबली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली आणि पुन्हा थांबली. कुणीतरी तोंडाला पदर लावला. आत्याबाई हळूच म्हणाल्या, “पोरी, तुला सा कुठं असतो तेही कुणी सांगितलेलं नाही.” त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना बहुतेक वाईट वाटलं होतं.

“अगंबाई,” लिमयेकाकू म्हणाल्या, “सहा महिने तीनतीनदा जात होती ना ही? शरद सांगतो, पाचला गेली की सातला येते. मग जाते तरी कुठं?”

कुणी हसलं नाही. अंजिरी साडीतल्या त्या मुलीकडे तीस बायका बघत होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यात स्टेशन, संध्याकाळ आणि दोन तास हेच चाललेलं मला कळत होतं.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. “सोहनीबाई, तुम्हाला माहीत आहे ना ही कुठं जाते ते?”

साधा प्रश्न होता. एका शब्दाचं उत्तर होतं. गणिताला. माझ्याच्यानं होईना म्हणून मी दुसऱ्याकडे पाठवते, गणिताला.

मला शरद दिसला, डॉक्टरांचे पुतणे दिसले, ओटीवरची सतरंजी दिसली. यांची खाट दिसली. हे मी सगळं आत्ता शोधून काढत नाही. तेव्हाच दिसलं होतं, एकामागून एक, अगदी स्वच्छ.

“नाही हो,” मी म्हटलं. “मी आपली विश्वासानं पाठवत होते. मलाही आत्ताच कळतंय.”

वासंतीनं डोळे उघडले.

“चल घरी,” मी तिचा दंड धरून तिला उठवलं. “बघते तुझ्याकडे.”

बायकांनी वाट दिली. मागून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, “बिचाऱ्या! सगळ्या गावाच्या पोरांकडे बघतात आणि घरच्या पोरीनं हे करावं!”

वाटेत ती माझ्या दोन पावलं पुढं चालत होती. घराच्या दारात हे उभे होते.

“एवढ्यात आलात? काय झालं?”

मी काही बोलायच्या आत वासंती म्हणाली, “बाबा, मी गाण्याच्या क्लासला जात नव्हते. आईला फसवलं मी.”

“काय बोलतेस वासू?” हे गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. “अगं, क्लास कसला? मीच तर तुला...”

“मी फसवलं,” ती पुन्हा म्हणाली आणि साडी बदलायला आत गेली.

मी यांना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं. हे खाटेवर पडून ऐकत होते.

“उद्या सकाळी जाऊन सांग त्यांना खरं.”

“आणि जूनमध्ये?”

“जूनचं जूनमध्ये बघू.”

“कोण बघेल?” मी विचारलं. “तुम्ही?”

यांनी कूस बदलली. हा एक प्रश्न मी लग्नाच्या बावीस वर्षांत कधी विचारला नव्हता. त्या दिवशी विचारला आणि जिंकले.

पुढच्या पंधरा दिवसांत जे व्हायचं ते झालं. शरदची बहीण वासंतीबरोबर पाण्याला जायची, ती जाईनाशी झाली. लिमये स्टेशनच्या पलीकडे जाऊन चौकशी करून आल्याचं कानावर आलं. मगदुमांनी खरं सांगितलं असणार, आता सगळं संपलं. मी ओटीवर उभी राहून एकेका पोराची वाट बघत होते. सगळी आली. एकही कमी झालं नाही. लिमयेकाकू कुंपणाशी येऊन म्हणाल्या, “काही लागला नाही हो पत्ता. जाऊ द्या, वेळेत कळलं म्हणायचं.” मी कारण शोधलं नाही. सुटले, एवढंच वाटलं.

मग निकाल लागला. गणितात ब्याऐंशी. वर्गात दुसरी.

दुपारी डॉक्टरीणबाई स्वतः घरी आल्या. “कमाल आहे हो तुमची! मुलगी अशी बहकलेली, तरी तुम्ही तिच्याकडून एवढं करून घेतलंत! आई असावी तर अशी. माझ्या नणंदेची दोन मुलं येणार आहेत जूनपासून, जागा ठेवा.” वासंती त्यांना पाणी घेऊन आली. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “आता आईचं ऐकायचं हं.”

“हो,” वासंती म्हणाली.

संध्याकाळी मला राहवेना. मी चौकातून पेढ्यांचा पुडा घेतला आणि पहिल्यांदाच रेल्वेचा पूल ओलांडून पलीकडे गेले. मगदूम मास्तर दारात खुर्ची टाकून सुपारी कातरत होते. ठेंगणे, जाड चष्मा, अंगात बंडी. मी नाव सांगितलं.

“बसा की बाई.”

“वासंतीला ब्याऐंशी पडले,” मी पुडा पुढं केला. “तुमच्यामुळं.”

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. पुड्याला हात लावला नाही.

“तुमची मुलगी सकाळी दिवस उजाडायला हितं आलती,” ते म्हणाले. “पंधरा दिवस झाले. दारातच हुबी. म्हनाली, मास्तर, कुनी विचारत आलं तर मी तुमच्याकडं येत नव्हते म्हनून सांगा. मी म्हनलं, का गं? तर म्हनते, खरं सांगितलं तर आईची शिकवनी बंद पडंल, बाबांचं औषध बंद पडंल. हात जोडले पोरीनं. बाई, चौतीस वर्सं मालधक्क्यावर होतो. एका पोत्याची खोटी नोंद केली न्हाई. त्या लिमयेसायबाला मात्र सांगितलं, असली कुनी पोरगी मी बघितली न्हाई.”

मी म्हटलं, “मास्तर, पेढे तरी घ्या.”

“कशाबद्दल घेऊ?” त्यांनी पुन्हा अडकित्ता उचलला. “मी कुनाला शिकवलंय? तुमच्या मुलीला मी वळखत न्हाई बाई.”

मी उठले. पूल उतरताना एकदा मनाशी ठरवलं, की सरळ डॉक्टरांकडे जाऊन खरं सांगायचं. पाय त्या रस्त्याला लागलेही. देवळाच्या वळणावर लिमयेकाकू समोरून आल्या.

“काय सोहनीबाई, इकडून कुठून? आणि हातात काय?”

त्या एकट्या होत्या. रस्त्यात दुसरं कुणी नव्हतं. त्यांना सांगितलं असतं, तर उजाडायच्या आत गावभर झालं असतं. डॉक्टरांकडे जायचीही गरज उरली नसती.

“देवळात गेले होते,” मी म्हटलं. “निकाल चांगला लागला ना, पेढे ठेवले. घ्या प्रसाद.”

त्यांनी पेढा कपाळाला लावून तोंडात टाकला.

घरी आले तर ओटी झाडून वासंती पायरीवर बसली होती. त्या हळदीकुंकवापासून तिनं माझ्याशी आपणहून एक शब्द काढला नव्हता. त्याच जूनमध्ये ती मावशीकडे बेळगावला शिकायला गेली. स्वतःच मावशीला पत्र लिहून तिनं ते ठरवलं होतं, पण मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढं ती सुट्टीला येत राहिली, पाहुणीसारखी.

त्या संध्याकाळी माझ्या पाठोपाठ लिमयेकाकू पोचल्याच. कुंपणावरून म्हणाल्या, “तुझी आई बघ हो, तुझ्यासाठी देवळात जाऊन आली. एवढं सगळं झालं तरी!”

वासंतीनं माझ्या चपलांकडे पाहिलं. पुलापलीकडच्या मालधक्क्यावरची काळी कोळशाची भुकटी त्यांना लागली होती. ती उठली. तिनं उजवा हात पुढं केला, खाली डावा तळवा धरला, प्रसाद घेताना धरतात तसा.

“मला पण दे ना, आई,” ती म्हणाली.

लिमयेकाकू बघत होत्या. मी पुडा उघडला आणि तिच्या हातावर पेढा ठेवला.